पाईप मे महिन्यात तुटतो, कळतं जुलैत

मागच्या जुलैत, वाशीतल्या आमच्या जुन्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून सांडपाणी वर यायला लागलं. पावसाने चेंबर तुंबलं, असा निकाल आम्ही सगळ्यांनी उभ्या उभ्या लावून टाकला. पाऊस उघडल्यावर प्लंबरने भिंतीला लागून अडीच-तीन फूट खणलं, तेव्हा चेंबरकडे जाणारा मातीचा, तपकिरी चकाकीचा स्टोनवेअर पाईप दिसला. पहिलाच सांधा निखळलेला, पुढचा तुकडा दोन बोटं खाली बसलेला. फटीतून पिंपळाच्या मुळ्यांचा झुपका आत गेला होता, न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखा. "दादा, हे आत्ताचं नाही," प्लंबर म्हणाला. "एवढ्या मुळ्या काय आठवड्यात वाढतात?"

त्याचं बरोबर होतं. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि पुढे खाडीकाठच्या दलदलीवर माती टाकून शहराचे बरेच भाग उभे राहिले. भरावाखाली खाडीचा मऊ, काळा चिखल आहे. वजन पडलं की त्यातलं पाणी हळूहळू निघतं आणि जमीन वर्षानुवर्षं खाली बसत राहते. अशा जागी मोठी इमारत पाईल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे खांब, ठोकून खालच्या घट्ट थरावर उभी करतात. सांडपाण्याचा पाईप मात्र भरावातच पडलेला असतो. इमारत जागची हलत नाही, भराव खाली जातो आणि सगळा ताण येतो भिंतीबाहेरच्या पहिल्या सांध्यावर. जोत्यालगतची फरशी भिंतीपासून सुटून खचलेली दिसली, तर खालच्या पाईपनेही तीच वाट धरली असणार.

हवामान या कामाला हातभार लावतं. चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. स्टोनवेअरचे तुकडे साधारण 60 सेंटीमीटरचे, म्हणजे सहा मीटरच्या लाइनीत दहाएक सांधे, आणि सिमेंटच्या सांध्याला वाकणं ठाऊकच नसतं. उन्हाळा जितका कडक आणि त्यावर पडणारी सर जितकी जोरदार, तितकं हे वरखाली होणं मोठं. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूची माती कोरडी ठणठणीत असताना पाझरणारा सांधा हीच काय ती ओली जागा. पिंपळ तिथे मुळं धाडणारच.

भिंतीवरच्या पीव्हीसी पाईपचं दुखणं वेगळं. उन्हात तापून 35 अंशांचा फरक पडला तर तीन मीटरचा पाईप सुमारे सात मिलिमीटर लांबतो. म्हणून जाणता प्लंबर रबर रिंगच्या सॉकेटमध्ये पाईप पूर्ण घालून सेंटीमीटरभर मागे ओढतो. घाईत ते राहून जातं.

पावसात भूजल वर येतं आणि फुटक्या सांध्यातून आत शिरताना बारीक माती सोबत नेतं. पाईपभोवती पोकळी होते, वरची फरशी एक दिवस खड्ड्यात जाते. त्यात भरती असेल तर आणखी पंचाईत. वाशीच्या मिनी सी-शोअरला आपण फिरायला जातो, तिथलं पाणी म्हणजे धारण तलाव आहे. भरतीला त्याच्या तोंडाच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला तेवढे तास जायला जागा नसते. सांडपाण्याची लाइन वेगळी असली तरी फुटक्या सांध्यांतून आणि चेंबरच्या झाकणांतून पाणी तिच्यातही उतरतं. लाइन काठोकाठ भरली की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं. थरावर थर चढून रस्ता उंच झालाय, काकूंची मोरी होती तिथेच आहे. मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधला पाच सेंटीमीटर पाण्याचा पडदा वास अडवतो, उलटा लोंढा अडवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

यात भर आमच्या हुशारीची. गच्चीचा एक पाईप कुणीतरी सोयीने सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडला होता. 200 चौरस मीटर गच्चीवर तासात 100 मिलिमीटर पाऊस झाला की 20,000 लिटर पाणी होतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता. हिशोब ज्याचा त्याने करावा.

गच्चीचा पाईप आता पावसाळी गटारात जातो. नवी लाइन रबर रिंगच्या पीव्हीसीची आहे आणि भिंतीबाहेरचा पहिला तुकडा मुद्दाम आखूड ठेवलाय, म्हणजे जमीन बसली तरी सांधा थोडा कलेल, तुटणार नाही. खड्डा डेब्रिजने बुजवायला प्लंबर तयारच होता. विटेच्या टोकाने पाईप फुटतो म्हणून आम्ही रेती आणली, तो कुरकुरला. यंदा मे महिन्यात जोत्याजवळ वाकून बघितलं. नवी फरशी आणि भिंत यांच्यातल्या फटीत रुपयाचं नाणं उभं राहतंय.