नवा क्लच ‘बसतो’ तेव्हा नेमकं काय होतं?

क्लच बदलून गाडी हातात देताना बरेच मेकॅनिक सांगतात, ‘पहिले सात-आठशे किलोमीटर जरा जपून चालवा, प्लेट बसू द्या.’ ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की आता बसायचं काय राहिलंय? बोल्ट आवळून झाले, पेडल चालतंय, गिअर पडतायत. दुसरा मेकॅनिक म्हणतो, काही गरज नाही, बिनधास्त पळवा. तिसऱ्याचं म्हणणं, की चांगला रेस देऊन चार-पाच वेळा क्लच सोडा, तिथल्या तिथे बसतो. तिघांत पहिल्याचं ऐकावं. फक्त त्याचं किलोमीटरचं माप तेवढं फसवं आहे.

क्लचची रचना तशी सोपी. इंजिनाबरोबर फिरणारं जाड फ्लायव्हील, त्यावर बोल्टने पक्की केलेली प्रेशर प्लेट आणि या दोघांच्या चिमटीत क्लच प्लेट. ही क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. लहान कारमध्ये तिचा व्यास साधारण 20 सेंटिमीटर असतो. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणासाठी खास बनवलेलं फेसिंग रिव्हेटने बसवलेलं असतं. त्यात काचेचे तंतू, पितळ किंवा तांब्याची बारीक तार, रबर आणि हे सगळं बांधून ठेवणारं फिनॉलिक रेझिन असतं. पूर्वी ॲस्बेस्टॉस असे. मोटारींच्या अगदी सुरुवातीच्या काळात तर शंकूच्या आकाराच्या क्लचला चक्क चामडं लावत. पेडलवरून पाय काढला, की डायाफ्राम स्प्रिंग हे सगळं एकमेकांवर दाबून धरते. लहान गाडीत हा दाब सुमारे 4000 न्यूटन, म्हणजे 400 किलो वजन वर ठेवल्यासारखा असतो.

इतक्या दाबाखाली दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटत असतील असं वाटतं. तसं होत नाही. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर या दोन शास्त्रज्ञांनी 1939 साली धातूच्या दोन तुकड्यांमधून वीज सोडून त्यांचा खरा स्पर्श किती हे मोजलं. दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा तो अगदी क्षुल्लक अंश निघाला. सूक्ष्म पातळीवर प्रत्येक पृष्ठभाग उंचसखल असतो आणि टेकतात ती फक्त उंचवट्यांची टोकं. नव्या क्लचमध्ये यात आणखी भर पडते. फेसिंग सगळीकडे अगदी एकाच जाडीचं नसतं. फ्लायव्हीलवर यंत्रकामाच्या बारीक रेषा असतात. त्यामुळे सुरुवातीला प्लेटची कुठे बाहेरची कड टेकते, कुठे मधलाच एखादा पट्टा.

इथे शाळेतलं पुस्तक उघडून कुणी हरकत घेईल. आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1699 मध्येच सांगितलं होतं, की घर्षणाचं बल दाबावर अवलंबून असतं, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही. मग प्लेट पूर्ण टेकली काय आणि निम्मी टेकली काय, काय फरक पडतो? हरकत रास्त आहे. बलापुरतं बोलायचं, तर फरक खरोखर थोडाच पडतो, आणि म्हणूनच नवा क्लच पहिल्या मिनिटापासून गाडी ओढतो. फरक पडतो तो उष्णतेत. घर्षणातून जी उष्णता निघते तीही त्याच मोजक्या ठिपक्यांवर निघते.

ती किती, याचा हिशोब मांडण्यासारखा आहे. इंजिनाचा वेग स्थिर ठेवून थांबलेली गाडी उचलली, तर इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी गाडीला गती देते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. क्लच झटकन सोडा किंवा हळू सोडा, सपाट रस्त्यावर ही वाटणी बदलत नाही. 1200 किलोची गाडी घेऊ. पहिल्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला 1500 फेरे) तिचा वेग ताशी 12 किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्या वेगाची गतिज ऊर्जा साधारण 6.7 किलोज्यूल, म्हणजे क्लचमध्ये निघालेली उष्णताही तेवढीच. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून दहा किलो धातू धरला, तर एवढ्या उष्णतेने त्याचं सरासरी तापमान जेमतेम दीड अंशाने वाढेल. पण तीच गाडी 3000 आरपीएमवर उचलली, तर क्लच धरेपर्यंतचा वेग दुप्पट आणि उष्णता चौपट. तिसऱ्या मेकॅनिकच्या युक्तीत नेमकं हेच घडतं.

सरासरी तापमान निरुपद्रवी दिसतं, कारण ते सगळ्या धातूचं असतं. ज्या ठिपक्यांवर सगळा भार आहे त्यांचं तापमान क्षणभर त्याच्या कितीतरी वर जातं. रेझिनला तेवढं सोसत नाही. ते मऊ पडतं, जळतं, वर येतं आणि फेसिंगवर गुळगुळीत काचेसारखा थर धरतो. हे ग्लेझिंग. ग्लेझ झालेली प्लेट जाडीला नवी असली तरी नीट धरत नाही. धातूचीही गंमत अशी, की तापलेला भाग फुगून वर येतो. वर आला, की जास्त दाब घेतो. जास्त दाब म्हणजे जास्त उष्णता, आणि मग तो आणखी फुगतो. हे दुष्टचक्र जे. आर. बार्बर या संशोधकाने 1960च्या दशकात समजावून दिलं. फ्लायव्हीलवर दिसणारे निळसर-काळे डाग बरेचदा त्याचीच खूण असतात. तिथलं बीड (ओतीव लोखंड) तापून झटक्यात थंड झाल्याने कडक होतं आणि मग क्लच सोडताना गाडी थरथरते.

हेच काम कमी उष्णतेत झालं, तर परिणाम उलटा. दर वेळी क्लच सोडताना प्लेट क्षणभर घसरते आणि उंच टोकं थोडी झिजतात. स्पर्श पसरत जातो. फेसिंगमधला बारीक अंश धातूवर चढून पातळ थर तयार होतो आणि घर्षण स्थिर होतं. रेझिनमधली उरलीसुरली वाफ निघून जाते, म्हणून पहिले काही दिवस हलका वास आला तर घाबरायचं कारण नाही. दोन फेसिंगच्या मधले लाटेसारखे वाकवलेले पातळ पत्रेसुद्धा दाबाखाली आपली जागा घेतात.

म्हणजे हे सगळं घडतं ते क्लच सोडण्याच्या त्या एक-दोन सेकंदांत. गिअर टाकून पाय काढल्यावर प्लेट आणि फ्लायव्हील एकत्र फिरतात. घसरण नाही, तर झीजही नाही. महामार्गावर टॉप गिअरमध्ये सलग 800 किलोमीटर मारून आलेल्या गाडीचा क्लच जवळपास होता तिथेच असतो. तेच अंतर शहरातल्या सिग्नलवर थांबत-निघत झालं, तर क्लच शेकडो वेळा सुटलेला असतो. बनवणारे 500 ते 800 किलोमीटरचा आकडा देतात तो अशा शहरातल्या चालवण्यासाठी.

त्यामुळे या काळात मुद्दाम गर्दीचा रस्ता धरला तरी चालेल. गाडी शक्य तितक्या कमी आरपीएमवर उचलावी, फक्त ती बंद पडू देऊ नये. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये. इंजिनाचा जोर तेव्हा मोठा असतो, आणि न बसलेली प्लेट घसरू शकते. ट्रेलर ओढणं, डिक्की ठासून भरून घाट चढणं पुढे ढकलावं.

खरा शत्रू मात्र चढावरचा हाफ क्लच. शंभर मीटरला दहा मीटर चढ आहे, ब्रेक न लावता क्लचवरच गाडी रोखून धरली आहे, इंजिन 1500 वर. वरच्याच गाडीसाठी हिशोब केला, तर क्लचमध्ये सुमारे 3.9 किलोवॉट उष्णता सतत निघते. दहा सेकंदांत ती सपाट रस्त्यावर सहा वेळा गाडी उचलल्याइतकी होते, तीही मधे थंड व्हायला उसंत न देता. गाडी तसूभर हललेली नसते, म्हणजे सगळी ऊर्जा वाया. चढावर रिव्हर्स घेत इंच इंच सरकणं हा याचाच भाऊ. हँडब्रेक वापरावा. तो अशासाठीच आहे.

नव्या क्लचचं पेडल हलकं वाटेल आणि क्लच बहुतेकदा पूर्वीपेक्षा खाली धरेल. हे दोष नव्हेत, जुना क्लच झिजताना पायाला जी सवय लागली होती ती मोडावी लागते. सुरुवातीची किंचित थरथर दर आठवड्याला कमी होत गेली, तर तीही सोडून द्यावी. पण ती तशीच राहिली किंवा वाढली, तर आणखी किलोमीटर घालून उपयोग नाही. फेसिंगला तेल किंवा ग्रीस लागलं असेल, नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल पुसायचं राहिलं असेल, किंवा जुनं फ्लायव्हील डाग-चऱ्यांसकट तसंच परत चढवलं असेल. इंजिनाचं माउंटिंग (त्याला पेलणारा रबरी आधार) फाटलेलं असलं तरी हीच लक्षणं दिसतात, आणि ते गिअरबॉक्स न उतरवता तपासता येतं. म्हणून सुरुवात तिथून करायला सांगावी.