सरकारी दवाखान्यातलं सापाचं इंजेक्शन ‘हलकं’ नसतं

धुऱ्यावर साप चावला की गावात हमखास ऐकू येतं: सरकारी इंजेक्शन हलकं, प्रायव्हेटचं भारी. साफ चूक. दोन्हीकडे तेच प्रतिविष असतं, घोड्याच्या रक्तातून बनवलेलं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारं. श्रीलंका आणि नेपाळची सरकारी रुग्णालयंही वर्षानुवर्षं भारतातूनच हे आणत आली आहेत.

फरक पडतो तो वेळेचा. प्राथमिक आरोग्य केंद्र सोडून थेट नागपूर गाठण्यात तास जातात. विषबाधेची लक्षणं असली की सुरुवातीला साधारण १० कुप्या सलाइनमधून देतात. मुलालाही मोठ्याइतक्याच, कारण साप वजन पाहून विष सोडत नाही.

घोणस, फुरशासाठी २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली की निकाल फसतो.

मण्यार, नागाच्या दंशात श्वास बंद पडू शकतो. तिथे व्हेंटिलेटर लागतो, म्हणून केंद्रात पहिला डोस सुरू करून १०८ने पुढे हलवावं. दोरी आवळू नये.