कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती (ग्रामीण विदर्भ)

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी विदर्भाच्या खेड्यांतील धास्ती व तिची बदलती रूपे. बोलण्यात ‘एआय’ हाच शब्द रुळला आहे. मराठी संज्ञा सरकारी फलकावर आणि पेपरात भेटते.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, तेव्हा ही चिंता पुण्या-मुंबईच्या नोकऱ्यांची होती. गावात ती पोचली कर्ज काढून इंजिनिअरिंगला घातलेल्या पोराच्या वाटेने. शेतमजुरी जाण्याचे भय फारसे नव्हते. कापूस वेचायला माणूस मिळत नाही, ही तक्रार त्याहून जुनी.

पुढे भीती फोनमधून घरात शिरली. काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल होऊ लागली, पुढाऱ्यांचे बनावट व्हिडिओ पानठेल्यावर फिरू लागले. जिथे उसनवारी आवाज ओळखून आणि शब्दावर चालते, तिथे हा घाव खोल जातो.

यादीतून नाव गळण्याचे भयही एआयच्या खाती जमा होते. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, केवायसी अडकते; यात बहुधा एआय नसतेच, साधी संगणकप्रणाली असते. तरी ही गल्लत निव्वळ अज्ञानाची म्हणता येत नाही. दाद मागायला समोर माणूस नसणे, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच.

शेतीत प्रश्न जबाबदारीचा आहे. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातील पतंगांच्या फोटोवरून गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा सल्ला देणारी ॲप आहेत. राज्याने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूर जिल्ह्यातील सातनवरी ‘स्मार्ट’ गाव म्हणून पुढे आले. पण यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जीव गेले. सल्ला चुकला तर कृषी केंद्रवाल्याला निदान दुकानात जाऊन जाब विचारता येतो.

ताडोब्याच्या बफर क्षेत्रात मात्र चित्र उलटे. सीतारामपेठसारख्या गावाच्या कडेला वाघ ओळखून इशारा देणारे कॅमेरे बसले. पहाटे मोहफुले वेचायला निघणाऱ्या बाईला यंत्रापेक्षा वाघाची भीती मोठी. तिची अडचण वेगळीच: मोबाईलवरचा इशारा मिळायला रेंज लागते, आणि जंगलाला लागून असलेल्या कितीतरी शिवारांत ती नसते.