कोंबड्याच्या अंड्याचा रंग

अंड्याच्या रंगासाठी वाण तयार करताना सगळ्यात अवघड निवड कोंबड्याची. तो अंडं देत नाही, पण प्रत्येक तलंगेच्या, म्हणजे नव्यानं अंड्यावर येणाऱ्या कोंबडीच्या, अंड्याच्या रंगाची निम्मी जबाबदारी त्याच्याकडे असते. पिसारा मात्र डोळ्यांसमोर मिरवत असतो, म्हणून निवड नकळत पिसाऱ्यावरच होते. चार पिढ्यांनी पक्षी देखणे होतात आणि अंडी फिकट.

कवचाला रंग देणारी मुख्य द्रव्यं दोनच आहेत. निळं बिलिव्हर्डिन कवचात आरपार मुरतं, अंडं फोडलं तर आतूनही दिसतं. तपकिरी प्रोटोपॉर्फिरिनचा बहुतेक थर कवच बनण्याच्या सुमारे 20 तासांपैकी शेवटच्या काही तासांत वरून चढतो. नुकतंच घातलेलं गडद अंडं ओलं असताना चोळलं, तर थोडा रंग बोटालाही येतो. निळ्यावर तपकिरी चढलं की अंडं हिरवट दिसतं.

निळ्याचा हिशेब सोपा आहे, कारण तो एकाच प्रभावी जनुकाचा खेळ. एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात घुसून बसल्यामुळे हा रंग येतो, हे 2013 मध्ये स्पष्ट झालं. कोंबडा तपासायचा तर त्याला पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर सोडा आणि तलंगा अंड्यावर येण्याची वाट पाहा. साधारण 20 ते 24 आठवडे लागतात. एका जरी लेकीनं पांढरं अंडं दिलं, तर त्याच्याकडे निळ्या जनुकाच्या दोन प्रती नाहीत, फार तर एकच आहे, म्हणजे तो एकेरी. एकेरी कोंबड्याच्या सातही लेकींनी निळंच देण्याची शक्यता 128 मध्ये 1 इतकीच असते.

तपकिरी रंग अनेक जनुकांचा, तिथे असा सोपा निकाल नाही. सापळा-घरटं (कोंबडी आत शिरताच दार बंद होणारं घरटं) वापरून कोणतं अंडं कोणाचं याची नोंद ठेवावीच लागते. पहिली अंडी पाहून भुलू नका. सुरुवातीला बहुतेक कोंबड्या गडदच देतात आणि हंगामभर रंग उतरत जातो. पाच-सहा महिन्यांनंतरही जिचा रंग टिकतो, ती खरी. रंग एकाच जागी, दिवसाच्या उजेडात, रंगपट्टीला लावून पाहावा. मोबाइलचा फोटो हमखास फसवतो. उकाडा, घाबरगुंडी किंवा श्वसनाचा संसर्ग झाला तर चांगल्या कोंबडीचंही अंडं फिकटतं, त्यावरून तिला बाद करू नये. कोंबडा बदलल्यावर किमान 3 आठवडे अंडी उबवायला घेऊ नका, कारण आधीच्याचं वीर्य कोंबडीच्या शरीरात तितके दिवस टिकू शकतं.

पिसाऱ्याची पारख प्रौढ पिसं पूर्ण आल्यावर करावी, पीसझडीत नाही. पंख उघडून मोठ्या पिसांच्या ओळीत फट आहे का, पंख मिटल्यावर ती क्रमानं बसतात का, हे बघा. पिसं म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. खाद्यात मेथिओनिन हा प्रथिनाचा घटक कमी पडला तर ती ठिसूळ येतात आणि दोष वंशाच्या माथी मारला जातो. पांढरी पिसं उन्हानं पिवळसर पडतात, तोही वंशदोष नव्हे. कुरळ्या पिसांचे दोन पक्षी मात्र एकमेकांना लावू नका: काही पिल्लांची पिसं इतकी तकलादू होतात की अंग उघडं पडतं. राखाडी-निळ्या पिसाऱ्याच्या जोडीतून सरासरी निम्मीच पिल्लं तशी निघतात, उरलेली काळी किंवा ठिपकेदार पांढरट. सगळी निळी हवी असतील तर काळ्याला ठिपकेदार लावा.

शेवटी दोन भाऊ समोर उभे राहतात: एक देखणा, दुसरा हंगामभर गडद अंडी देणाऱ्या आईचा. दुसरा ठेवा, त्याच्या पिसाऱ्यातली उणीव पुढच्या पिढीत दिसेल तरी.