रंध्याचा ठोकळा आपल्या हाताने : पार्श्वभूमी

लाकूड तासून गुळगुळीत करणाऱ्या लाकडी रंध्यात लोखंडाचं असतं ते पातं. बाकी ठोकळा, पाचर, मूठ सारं लाकूड, आणि ते सुतार स्वतःच घडवायचा. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेतूनही सुतारांचे लाकडी रंधे वर निघाले.

1700 च्या सुमारास लंडनमध्ये रंधे बनवून विकणं हा स्वतंत्र धंदा झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा फ्रान्सिस निकल्सन हेच काम करी. त्याचा गुलाम सीझर चेलर त्याच्याकडेच हे शिकला आणि 1753 मध्ये मालकाच्या मृत्युपत्राने मुक्त होऊन स्वतःच्या शिक्क्याचे रंधे विकू लागला. 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीने लिओनार्ड बेलीची पेटंटं घेतली आणि लोखंडी रंध्याचं युग आलं. स्क्रू फिरवून पातं खालीवर करता येऊ लागलं, ही सोय मोठीच होती. पण पात्याचा तळाशी असलेला कोन बहुतेक 45 अंशांवर कायम झाला. सागवानाला तो चालतो. शिसवीच्या उलटसुलट रेषेत मात्र लाकूड उपटून येतं. तिथे 50 ते 55 अंश हवेत.

मग लोक पूर्वीसारखा स्वतः रंधा का करत नव्हते? अडचण घशाची, म्हणजे पातं आणि पाचर बसते त्या ठोकळ्यातल्या आरपार खाचेची होती. अखंड ठोकळ्यात पटाशीने तिरका घसा कोरताना पात्याची बैठक जराशी फुगीर राहिली, तरी पातं थरथरतं. यावरचा उपाय, म्हणजे ठोकळा चिरून पुन्हा चिकटवणं, जगभर रुजला तो जेम्स क्रेनॉव्ह या लाकूडकाम शिकवणाऱ्या कारागिरामुळे. 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगला त्याने सुतारकामाचा अभ्यासक्रम सुरू केला.

ठोकळा 250 मिमी लांब घ्यावा. दोन्ही बाजूंनी 8 ते 10 मिमीचे गाल चिरून काढायचे. मधला गाभा तिरका कापायचा: मागचा उतार हव्या त्या कोनात, पुढचा साधारण 60 अंशांत. बैठक आता उघडी असते, ती दुसऱ्या रंध्याने सपाट होते. चिकटवताना शिकंजा आवळला की तुकडे घसरतात. म्हणून ठोकळा दोन्ही टोकांना 20 मिमी जास्त ठेवून तिथे गालातून गाभ्यात लाकडी खुंट्या ठोकाव्यात आणि मग ती टोकं कापून टाकावीत. पाचर अडण्यासाठी गालांमध्ये 12 मिमीची आडवी दांडी बसते.

तोंड, म्हणजे पात्याची धार बाहेर येते ती तळाची फट, आधी बंदच ठेवावं. घसा खाली निमुळता असल्याने तळ रंधताना ते आपोआप उघडतं, 0.5 मिमीपेक्षा कमी फट पुरे. तळ सपाट करताना पातं थोडं मागे घेऊन पाचर घट्ट मारलेली असावी, कारण पाचरीच्या दाबाने तळ किंचित वाकतो. पात्याच्या दोन्ही बाजूंना मिळून 2 मिमी मोकळीक हवीच. कोकणात पावसाळ्यात फुगलेला ठोकळा वैशाखात आकसतो, पातं आकसत नाही, आणि गाल तडकतो.