स्पिन क्युबिटांची दूरस्थ जोडणी

अर्धवाहकातील क्वांटम डॉटमध्ये अडकवलेले दोन इलेक्ट्रॉन शेजारी नसतानाही त्यांच्या स्पिनमध्ये (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत, चुंबकासारख्या गुणधर्मामध्ये) हवी तेव्हा परस्परक्रिया घडवून आणण्याच्या पद्धती. मध्ये आणखी एक डॉट ठेवून त्यालाच मध्यस्थ करणे ही त्यांतली सर्वांत देखणी पद्धत असल्याने ही नोंद मुख्यतः तिच्यावर आहे.

क्वांटम डॉट म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी केलेली खळगी. गॅलियम आर्सेनाइड किंवा सिलिकॉनच्या पृष्ठभागावर धातूचे बारीक गेट असतात. त्यांना विद्युत्दाब दिला की खालच्या थरात खळगी पडते, आणि दाब काही मिलिव्होल्टने कमीजास्त करून तिच्यात नेमका एकच इलेक्ट्रॉन ठेवता येतो. त्याचा स्पिन वर की खाली, हेच क्युबिटाचे, म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीच्या एककाचे, ० आणि १. ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डॅनिएल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेंझो यांनी १९९८ मध्ये मांडली.

दोन खळग्यांमधला बांध गेटने उतरवला की दोन्ही इलेक्ट्रॉनांची तरंगफलने (इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे सांगणारी फलने) एकमेकांत मिसळतात. स्पिन परस्परविरोधी जोडीत असतील तर दोघेही क्षणभर एका डॉटमध्ये राहू शकतात. समांतर असतील तर समान स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम आड येतो. या फरकामुळे दोन अवस्थांच्या ऊर्जेत अंतर पडते. हीच विनिमय परस्परक्रिया. ती कमालीची वेगवान आहे : हार्वर्डमधील प्रयोगात २००५ मध्ये स्पिनांची अर्धी अदलाबदल १८० पिकोसेकंदांत झाली. पण खळग्यांमधले अंतर वाढले की ती घातांकी वेगाने ओसरते, म्हणून डॉट साधारण १०० नॅनोमीटरवर खेटून ठेवावे लागतात. प्रत्येक डॉटला त्याचे गेट, तारा आणि जवळच स्पिन वाचणारा संवेदक लागतो. दोनचार क्युबिटांपुरती ही दाटी सोसते. हजारो झाले की तारा न्यायला जागाच उरत नाही.

यावरचा तोडगा निसर्गात आधीपासून होता. मँगनीज ऑक्साइडमध्ये मँगनीजचे आयन एकमेकांना भिडत नाहीत, मध्ये ऑक्सिजन असतो. तरी त्यांचे चुंबकत्व एकमेकांशी बांधलेले असते. भौतिकशास्त्रज्ञ क्रामर्स यांनी १९३४ मध्ये याचा खुलासा अतिविनिमयाने, म्हणजे मधल्या अणूमार्फत होणाऱ्या विनिमयाने, केला. चिपवर ऑक्सिजनची जागा मधला डॉट घेतो. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने २०१७ मध्ये एका रांगेतल्या तीन डॉटांपैकी मधला रिकामा ठेवून दोन टोकांच्या स्पिनमध्ये सुसंगत (क्वांटम अवस्था न बिघडवणारा) विनिमय घडवला. कडेचा इलेक्ट्रॉन मधल्या डॉटमध्ये मुक्कामाला येत नाही, कारण तिथली ऊर्जा त्याला परवडत नाही. तो केवळ आभासी फेरी मारतो, म्हणजे तिथे प्रत्यक्ष न थांबता तिथल्या अवस्थेचा क्षणिक आधार घेतो. ऊर्जेची ही चढण जितकी उंच, तितकी जोडणी दुबळी. मधल्या डॉटचा दाब हलवला की चढण बदलते, म्हणून एकाच गेटने जोडणी चालू किंवा बंद करता येते. क्युबिटांना हातही लावावा लागत नाही, आणि माझ्या मते पद्धतीचे खरे बळ इथेच आहे.

रिकाम्याऐवजी भरलेला, मोठा डॉटही चालतो. कोपनहेगनच्या गटाने २०१९ मध्ये ५० ते १०० इलेक्ट्रॉनांचा डॉट दोन जोडडॉटांच्या (खेटून असलेल्या दोन डॉटांच्या जोड्यांच्या) मध्ये ठेवला. मध्यस्थ मोठा म्हणून टोकांमधले अंतर वाढले, तरी जोडणी काही गिगाहर्ट्झपर्यंत पोचली. तिचे चिन्ह धन आणि ऋण दोन्ही मिळाले, आणि विद्युत्भाराचा गोंगाट (आसपासच्या भाराची अनियमित चढउतार) कमी जाणवेल असे बिंदूही सापडले. एवढ्या गर्दीतून दोन स्पिनांचा नाजूक संवाद टिकतो, हे मनापासून दाद देण्याजोगे आहे.

याहून लांबचा पल्ला गाठायचा तर मार्ग वेगळे. एक, इलेक्ट्रॉनलाच एका डॉटमधून पुढच्यात सरकवत नेणे. दुसरा, अतिसंवाहक अनुनादकातला (ठरावीक वारंवारतेचे तरंग धरून ठेवणाऱ्या, विद्युत्रोध नसलेल्या परिपथातला) सूक्ष्मतरंग फोटॉन दूत म्हणून वापरणे. प्रिन्स्टनमध्ये २०२० साली सुमारे ४ मिलिमीटर दूर असलेल्या दोन सिलिकॉन स्पिनांचा असा संबंध दिसला. नंतर डेल्फ्टने २५० मायक्रोमीटर अंतरावर स्पिनांची अदलाबदलही दाखवली. मात्र अनुनादक डॉटच्या मानाने अवाढव्य असतो, आणि फोटॉनशी बोलण्यासाठी स्पिनला विद्युत्भाराशी बांधावे लागते. त्यामुळे भाराचा गोंगाटही त्याच्यापर्यंत येतो.

आणखी एक अडचण पदार्थाची. गॅलियम आर्सेनाइडमध्ये प्रत्येक अणुकेंद्राला स्पिन असतो आणि तो इलेक्ट्रॉनच्या स्पिनला काही नॅनोसेकंदांत भरकटवतो. सिलिकॉनमध्ये असा समस्थानिक, सिलिकॉन-२९, जेमतेम ४.७ टक्के असतो आणि शुद्धीकरणाने आणखी घटवता येतो. मध्यस्थ डॉटाचे वर दिलेले दोन्ही प्रयोग मात्र गॅलियम आर्सेनाइडवरचे आहेत.