कॅल्शियम वाढलं, पण पेशीत नेमकं कुठे?

मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे चांदणीसारख्या दिसणाऱ्या आधारपेशी, चेतापेशींसारखे विद्युत आवेग पाठवत नाहीत. त्या कॅल्शियमने बोलतात. एरवी त्यांच्या पेशीद्रवात कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर, आणि पेशीबाहेर त्याच्या दहा हजार पटींहून जास्त. शेजारच्या चेतापेशीने ग्लुटामेट सोडलं की अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये आयपी३ हा रेणू तयार होतो आणि आंतर्द्रव्यजालिकेवरची, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारावरची, दारं उघडतो. साठा बाहेर सांडतो. सर्का पंप तो लगेच परत भरू लागतो.

पेशीची साफसफाई, म्हणजे ऑटोफॅजी, याच कॅल्शियमच्या इशाऱ्यांवरही चालते. जीर्ण तंतुकणिका (पेशीची ऊर्जाकेंद्रं), गुठळ्या झालेली प्रथिनं दुहेरी पटलात गुंडाळली जातात. ती पुडी लयकारिकेत (पेशीतल्या आम्लयुक्त पचनपिशवीत) मिसळते आणि ५ च्या आसपासच्या सामूत विकरं तिचा चुरा करतात.

गंमत अशी, की कॅल्शियम ही सफाई सुरूही करतं आणि दाबूनही धरतं. पेशीद्रवात वाढलं तर एएमपीके हे ऊर्जेवर नजर ठेवणारं प्रथिन जागं होतं, सफाई रोखणाऱ्या एमटॉर प्रथिनाचा लगाम सुटतो, सफाई सुरू. जालिकेतून थेंबाथेंबाने तंतुकणिकेत झिरपत राहिलं तर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, भरपूर बनतं आणि सफाईची निकड उरत नाही. लयकारिकेतून सुटलं तर टीएफईबी हे प्रथिन केंद्रकात जाऊन नव्या लयकारिकांची जनुकं चालू करतं. म्हणून नुसतं ‘कॅल्शियम वाढलं’ हे निरीक्षण अपुरं आहे.

थॅप्सिगार्जिन हे रसायन देऊन सर्का पंप बंद केला की पेशीद्रवात कॅल्शियम चढतं खरं, पण जालिका रिती होऊन प्रथिनांच्या घड्या बिघडतात. मग दिसलेला परिणाम कॅल्शियमचा, की त्या ताणाचा?

सफाईच्या मोजमापातली एक मोठी चूक एलसी३-२ या, पुड्यांच्या पटलाला चिकटणाऱ्या प्रथिनाची. ते वाढलं की सफाई वाढली, असं घाईने लिहिलं जातं. पुड्या जास्त बांधल्या गेल्या तरी ते वाढतं आणि पुड्यांचा चुरा थांबला तरीही. म्हणून काही पेशींना शेवटचे २ ते ४ तास बॅफिलोमायसिन हे रसायन (साधारण १०० नॅनोमोलर) द्यायचं. त्याने लयकारिकेतलं आम्ल बनणं थांबतं आणि पुड्यांचा चुराही. त्यानंतर एलसी३-२ आणखी वाढलं तर प्रवाह खरंच सुरू होता. अजिबात वाढलं नाही तर वाट आधीच तुंबलेली असण्याची शक्यता जास्त.

एलसी३ला लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे, म्हणजे चमकणारी प्रथिनं, जोडले तर हे डोळ्यांनी दिसतं. आम्लात हिरवा विझतो, लाल टिकतो. लाल-हिरवा मिळून दिसणारे पिवळे ठिपके साचत गेले आणि लाल झालेच नाहीत, तर पुड्या बांधल्या गेल्या, पण आम्लापर्यंत पोचल्या नाहीत.